खरेदीखताची कुळकथा

‘घर पाहावें बांधून व लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. परंतु ‘घर पाहावें विकत घेऊन’ असें कोणीं म्हटलेलें नाहीं, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं सामान्य गृहस्थ वडिलार्जित घरांत राही, किंवा ऐपत असल्यास नवें बांधी; तयार घर दाम मोजून घेणें हा व्यवहार विरळा होता. आज स्थिति उलट झाली आहे. शहरांतील मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला विटेवर वीट ठेवण्याचा प्रसंग बहुधा येतच नाहीं. त्याला जन्मांतून एकदां, फार तर दोनदां, घर विकत घ्यावें लागतें, आणि त्या एका दिवसाच्या सहीवर पुढील वीस वर्षांची कमाई गहाण पडते.

इतक्या मोठ्या व्यवहाराकडे आपण मात्र पुरेशा सावधपणें पाहत नाहीं. भिंतींचा रंग, खिडकींतून दिसणारें झाड, स्टेशनाचें अंतर यांची कसून चौकशी होते. विकणारा कोण आणि त्याला विकण्याचा अधिकार कोठून आला, हे प्रश्न वकिलाच्या अंगावर टाकून आपण मोकळे होतों. वकिलानें मागितलेल्या कागदांची यादी पाहिली म्हणजे कित्येकांना वाटतें, कीं ही सारी इंग्रजी अमदानींत उपजलेली कटकट आहे. प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे तें हें, कीं ही कटकट निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे. खरेदीखतांतील बहुतेक कलमांमागें कोणाची तरी फसवणूक किंवा कोणता तरी तंटा उभा आहे. आणि ती कुळकथा ज्याला ठाऊक झाली, त्याला घर घेतांना वा देतांना काय पाहावें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्यांतील एका लेखांत भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून एक शेत विकत घेऊन दान दिल्याचें नमूद आहे. दात्याला आपलें औदार्य सांगून थांबतां आलें असतें. परंतु लेख पुढें सांगतो, कीं तें शेत वाराहीपुत्र अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाच्या हातून घेतलें. त्याबद्दल चार हजार कार्षापण दिले. तें शेत विकणाऱ्याच्या वडिलांचें होतें. आणि तें नगराच्या सीमेवर वायव्येच्या बाजूस आहे. किंमत अक्षरांनीं लिहून पुन्हां आंकड्यांनीं दिली आहे. विकणारा कोण, मालकी त्याच्याकडे कशी आली, मोबदला किती, आणि मिळकत कोठें, या चार प्रश्नांचीं उत्तरें त्या एवढ्याशा मजकुरांत आहेत. आजच्या लांबलचक खरेदीखतांतून सारा शब्दविस्तार गाळून टाकला तर तळाशीं उरतात तीं हींच चार उत्तरें.

त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखांत पांचवी गोष्टही सांपडते. उषवदातानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. व्याजाचे दरही लिहून ठेवले. हें सर्व निगमसभेंत वाचून ऐकविलें आणि रिवाजाप्रमाणें तेथील फलकावर नोंदविलें, असें लेखाच्या ओघांत आलें आहे. व्यवहार चार लोकांना ऐकवावा आणि सार्वजनिक ठिकाणीं त्याची नोंद राहावी, ही कल्पना अशी या मातींत सातवाहन-क्षत्रपांच्या काळापासून रुजलेली आहे. राजाच्या जांवयालाही तिच्यांतून सुटका नव्हती.

शास्त्रकारांनीं हीच गोष्ट नियमांत बांधली. म्हैसूर येथें शामशास्त्र्यांना हस्तलिखितांत सांपडलेलें व १९०९ सालीं त्यांनीं छापून प्रसिद्ध केलेलें कौटिलीय अर्थशास्त्र उघडावें. तिसऱ्या अधिकरणांत घरादारांच्या विक्रीचें प्रकरण आहे. विक्रीस काढलेली मिळकत घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, नंतर शेजाऱ्यांचा, नंतर धनकोंचा. त्यांनीं नको म्हटल्यावर परक्याचा. घर विकावयाचें तर शेजारच्या कुटुंबांतील मंडळी जमवून घरासमोरच पुकारा करावयाचा. ‘या किंमतीस कोण घेतो?’ असें तीनदां विचारावयाचें. आणि कोणी हरकत घेतली नाहीं म्हणजे सौदा पुरा व्हावयाचा. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढीव रक्कम राजाच्या कोशांत जावयाची. हा शेवटचा नियम आजच्या घरमालकांस रुचणार नाहीं. परंतु बाकीच्या नियमांतील धोरण उघड आहे. हरकत असेल तर ती आज, घरासमोर, सर्वांदेखत निघावी. पैसे दिल्यावर निघूं नये.

बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानींत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा ही टीका लिहिली. महाराष्ट्रांतील हिंदूंच्या वारसाहक्काचा ती पुढें आठशें वर्षें आधार झाली. जमिनीचें हस्तांतर सहा गोष्टींनीं पुरें होतें असें एक जुनें वचन तींत घेतलें आहे: गांव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमति, आणि सुवर्ण व उदक यांचें दान. विज्ञानेश्वराची थोरवी अशी, कीं तो वचन देऊन थांबत नाहीं. प्रत्येक संमतीचें कारण सांगतो. गांवाची संमति व्यवहार जाहीर व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची संमति पुढें सीमेचा वाद निघूं नये म्हणून. भाऊबंदांची संमति कुटुंब विभक्त आहे कीं एकत्र याबद्दल मागाहून संशय राहूं नये म्हणून. म्हणजे या संमति पुराव्यासाठीं आणि शांततेसाठीं आहेत. आज आपण वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतों, मोजणी आणतों, वारसांच्या सह्या घेतों, त्या तीन गोष्टींचीं कारणें नेमकीं हींच आहेत.

मराठेशाहींतील कागद ज्यांनीं चाळले असतील त्यांना या परंपरेचें जिवंत रूप दिसलें असेल. वतनाची वा मिरासीची खरेदी गोताच्या साक्षीनें होई. खतांत विकणारा आपण राजीखुषीनें विकतों असें म्हणे, चतुःसीमा सांगे, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह दिलें असें लिहून देई, लेंकराचे लेंकरीं घेणाऱ्यानें भोगावें आणि भाऊबंदांनीं कथला केल्यास तो आपण वारावा, अशी हमी देई. खालीं साक्षीदारांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांच्या ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्यारांचीं चित्रें. तंटा उपस्थित झाला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. पुण्यासारख्या शहरांत, जेथें सारें गोत एकमेकांस ओळखीत नव्हतें, तेथें पेशव्यांनीं घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवण्याचें काम कोतवालाकडे सोंपविलें होतें. गांव मोठें झालें कीं माणसांच्या स्मरणाची जागा सरकारी वहीला घ्यावी लागते, याचें हें आपल्याकडील जुनें उदाहरण होय.

या जुन्या रीतीचें उगाच गोडवे गाण्याचें कारण नाहीं. गोताचें स्मरण चांगलें असे, पण तें निःपक्षपाती असेच असें नव्हे. बलवान् वतनदाराविरुद्ध साक्ष देण्याची छाती प्रत्येकास होत नसे. परगांवच्या माणसास शिरकाव कठीण पडे. आणि घरांतील स्त्रियांचें म्हणणें सभेपर्यंत क्वचितच पोंचे. तरीही एक गोष्ट खरी, कीं घेणारा एकटा नसे. विकणाऱ्याचा हक्क तपासण्याचें काम त्याच्या वतीनें सारा गांव करीत असे.

इंग्रजी राज्यांत हा भार गांवाच्या खांद्यावरून उतरला. न्यायालय परगांवीं गेलें, न्यायाधीश परका झाला, आणि गोताच्या तोंडच्या शब्दापेक्षां कागदावरील शाई वरचढ ठरली. ज्याला कागद वाचतां येत होता त्याचें यांत फावलें. कर्जाच्या पोटीं शेतकऱ्याकडून साफ खरेदीखत लिहून घ्यावयाचें, ‘पैसे फेडलेस कीं जमीन परत’ असें तोंडानें सांगावयाचें, आणि मुदत उलटल्यावर कागद कोर्टांत टाकावयाचा, हा प्रकार दक्षिणेंत बोकाळला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तो पुणें आणि नगर या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोंख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरांवर होता; ठिकठिकाणीं कर्जरोखे व खतें हिसकून जाळण्यांत आलीं. त्यानंतर चौकशी कमिशन बसलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायालयास कागदामागील व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्यांच्या दस्तांसाठीं गांवोगांव रजिस्ट्रार नेमण्याची तजवीज केली.

या प्रकरणाचा बोध जुना झालेला नाहीं. उसने पैसे घेऊन तारण म्हणून खरेदीखत लिहून देण्याची बुद्धि आजही अडचणींतल्या माणसास होते. १९२९ सालच्या दुरुस्तीनें कायदा असा झाला आहे, कीं परतीची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल तर त्या व्यवहारास गहाण समजावयाचें नाहीं. म्हणून मित्रत्वाचा, नात्याचा, शेजाराचा कितीही भरंवसा असो, कर्जासाठीं गहाणखतच लिहावें. तोंडच्या वचनावर विक्रीची सही करूं नये.

नोंदणीची कुळकथा याच काळांतली. साऱ्या हिंदुस्थानास लागू असा सक्तीच्या नोंदणीचा कायदा १८६४ सालीं झाला. तो १८६६, १८७१ व १८७७ या सालीं बदलत गेला आणि १९०८ सालीं सोळाव्या कायद्याच्या रूपानें स्थिरावला. मिळकतीच्या हस्तांतराचा कायदा १८८२ सालचा. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. या दोन कायद्यांनीं मिळून असें ठरविलें, कीं शंभर रुपये वा अधिक किंमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या दस्तावांचून विकली जात नाहीं. साठेखत म्हणजे विक्री नव्हे. तें विक्रीचें वचन होय. इसार देऊन पावती घेतली म्हणजे घर आपलें झालें अशी समजूत आमच्या समाजांत अजून आहे. ती कायद्यास मान्य नाहीं. त्याचप्रमाणें कुलमुखत्यारपत्र म्हणजेही विक्री नव्हे. मुद्रांकाचा खर्च चुकविण्यासाठीं मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र अशी त्रयी करून घरें ‘विकण्याची’ जी चाल पडली होती, तिनें मालकी जात नाहीं असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला.

परंतु या पुस्तकी व्यवस्थेंतील एक मोठें छिद्र वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. नोंदणी करणारा अधिकारी सही करणारी व्यक्ति तीच आहे कीं नाहीं, मुद्रांक पुरेसा आहे कीं नाहीं, हें पाहतो. त्या व्यक्तीला विकण्याचा हक्क आहे किंवा नाहीं याचा निवाडा तो करीत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत १८५८ सालीं रॉबर्ट टॉरेन्स यानें जी पद्धति सुरू केली तींत सरकारी पुस्तकांतील नोंद हीच मालकी असते व तिची जबाबदारी सरकार घेतें. आपल्याकडे कागदाची नोंद होते, मालकीची होत नाहीं. परक्याचें घर विकणाऱ्या भामट्याचाही दस्त नोंदला जाऊं शकतो. नोंदला म्हणून तो खरा होत नाहीं. जें काम पूर्वीं गांव करी तें सरकारनें आपल्याकडे घेतलेंच नाहीं. तें घेणाऱ्याच्या अंगावर येऊन पडलें आहे, आणि बहुतेक घेणाऱ्यांस त्याची वार्ताही नाहीं. घर घेतांना जें नुकसान होतें त्यांतील पुष्कळसें या एका गैरसमजांतून होतें, असें आमचें मत आहे.

मग घेणाऱ्यानें काय करावें? जें गोत करी तें. पहिलें काम, मालकीची सांखळी मागें मागें तपासीत न्यावी. वकील सामान्यतः तीस वर्षांचा शोध घेतात. तीस वर्षांहून जुन्या दस्ताच्या खरेपणाविषयीं न्यायालय अनुकूल अनुमान करूं शकतें. आणि १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्यानें गहाण सोडविण्याची पूर्वींची साठ वर्षांची मुदत तीस वर्षांवर आणली. त्यापलीकडचीं भुतें बहुधा उठत नाहींत. दुसरें काम, मूळ कागद प्रत्यक्ष पाहावे. नकलांवर भागवूं नये. मुंबईसारख्या शहरांत मूळ दस्तऐवज सावकाराच्या किंवा पेढीच्या हवालीं करून गहाण टाकण्याची रीत कायद्यास मान्य आहे, आणि अशा गहाणाचा माग नोंदणीच्या पुस्तकांत लागेलच असें नाहीं. ‘मूळ कागद जरा गांवीं राहिले आहेत’ हें वाक्य ऐकूं आलें, कीं इसाराचा हात मागें घ्यावा. तिसरें काम, घरांत जो राहत आहे त्याच्याशीं बोलावें. प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याचा जो कांहीं हक्क असेल तो घेणाऱ्यास ठाऊक होता असें कायदा १९२९ पासून गृहीत धरतो. जुन्या वाड्यांतून भाडेकरूंच्या दोन दोन पिढ्या राहिलेल्या असतात. घर बदललें तरी भाडेकरूचा हक्क बदलत नाहीं.

सीमेविषयींही असेंच. खतांत पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक असें लिहिलेलें असतें. पण लिहिणाऱ्यानें बहुधा मागच्या खतावरून उतरून घेतलेलें असतें, आणि त्यांतले शेजारी कधींच निवर्तलेले असतात. म्हणून मोजणीचा नकाशा हातांत घेऊन जागेवर फिरावें, आणि विज्ञानेश्वरानें सांगितल्याप्रमाणें शेजाऱ्यांस विचारावें. सातबाऱ्याचा उतारा हा अनेकांस मालकीचा ताम्रपट वाटतो. हक्कनोंदीचें पुस्तक मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें आलें तें मुख्यतः सारावसुलीच्या सोयीसाठीं. त्यांतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात हें खरें. पण फेरफारानें मालकी निर्माण होत नाहीं वा नष्ट होत नाहीं, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. उतारा पाहावा, उताऱ्यावर विसंबूं नये.

आतां भाऊबंदांकडे वळूं. कौटिल्याच्या काळचा त्यांचा अग्रहक्क लोपला असें पुष्कळांस वाटतें; वास्तविक तो वेष पालटून राहिला आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांतील एकाचा हिस्सा परक्यानें विकत घेतला, तर १८८२ चा कायदा त्याला त्या घरांत इतरांसह राहण्याचा हक्क देत नाहीं. आणि तो वांटपासाठीं कोर्टांत गेला तर १८९३ च्या वांटणीच्या कायद्यानें कुटुंबांतील माणूस त्याचा हिस्सा योग्य किंमतीस विकत घेऊं शकतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यांतही सहवारसांना असा अग्रक्रम आहे. तेव्हां ‘एका भावाचा हिस्सा स्वस्तांत मिळतो आहे’ म्हणून जो हुरळून जातो, तो घर घेत नसून दावा विकत घेत असतो.

येथें सर्वांत मोठा पालट झाला तो मुलींच्या बाबतींत. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं कायदा करून मिताक्षरा कुटुंबांत मुलीला मुलाप्रमाणें जन्मानें हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. परिणाम असा झाला, कीं ज्या बहिणीची आठवण भाऊबीजेखेरीज होत नसे तिच्या सहीसाठीं आतां घराचे व्यवहार अडून राहतात. याबद्दल त्रागा करणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांना इतकेंच सांगावेंसें वाटतें, कीं गोतसभेंत शेंकडों वर्षें जो आवाज पोंचला नाहीं तो आतां दस्तापर्यंत पोंचला आहे. घेणाऱ्यानें कुटुंबाची वंशावळ लिहून मागावी व तींत लेकीबाळींचीं नांवें आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें. विकणाऱ्यानें बहिणीची सही मागण्यापूर्वीं तिचा वांटा देण्याची गोष्ट काढावी. ओंवाळणीच्या ताटांत हक्कसोडपत्र ठेवणें हा शहाणपणा नव्हे, आणि धर्मही नव्हे.

येथवरची कथा जमिनीची व वाड्याची झाली. हवेंत तरंगणाऱ्या घराची, म्हणजे आजच्या सदनिकेची, कथा मुंबईंत घडली. १८९६ च्या प्लेगनें शहराच्या दाटीचें भयंकर रूप दाखविलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढें दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती उठल्या. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था स्थापिली. श्रीपाद सुबराव तालमकी यांचें नांव या कार्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. एकट्यास न परवडणारी जागा अनेकांनीं मिळून घ्यावी, ही कल्पना आपल्याकडे तेथून रुजली. पुढें १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें भाडीं जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठविलीं. भाडेकरूस त्यानें आधार दिला. परंतु भाड्यानें देण्यासाठीं इमारत बांधण्यांत कोणास लाभ उरला नाहीं. पागडी बोकाळली, आणि बांधणारे लोक भाड्यानें देण्याऐवजीं एकेक बिऱ्हाड ‘मालकी हक्कानें’ विकूं लागले.

या नव्या व्यवहारांत जुने पांचही प्रश्न नव्यानें उभे राहिले. जमीन एकाची, बांधणारा दुसरा, पैसे तिसऱ्याचे. आणि ज्याचे पैसे त्याच्या हातांत साधा कराराचा कागदही नाहीं! तक्रारी इतक्या वाढल्या, कीं सरकारनें १९६० सालीं चौकशी समिति नेमिली व १९६३ सालीं महाराष्ट्राचा मालकी सदनिकांचा कायदा झाला. करार नोंदल्याखेरीज किंमतीच्या पंचमांशाहून अधिक रक्कम घेऊं नये, रहिवाशांची संस्था स्थापावी, आणि जमीन व इमारत तिच्या नांवें करून द्यावी, अशीं बंधनें त्यानें घातलीं. शेवटचें बंधन पुष्कळ बांधणाऱ्यांनीं पाळलें नाहीं. म्हणून २००८ च्या दुरुस्तीनें बांधणाऱ्याच्या सहीवांचूनही संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मिळण्याची वाट काढावी लागली. जुनी सदनिका घेणाऱ्यानें ‘या इमारतीखालची जमीन संस्थेच्या नांवें झाली आहे काय?’ असें अवश्य विचारावें. तशी झाली नसेल, तर पुनर्बांधणीच्या वेळीं भिंती आपल्या आणि भुई दुसऱ्याची असा प्रसंग येतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, जो १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला, आणखी पुढचें पाऊल टाकलें. ठरावीक मर्यादेपलीकडील प्रत्येक नव्या बांधकामाची आधीं नोंदणी. करार नोंदण्यापूर्वीं फार तर दशांश रक्कम. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशाचा शेंकडा सत्तर भाग त्याच कामासाठीं निराळ्या खात्यांत. रचनेंतील दोष ताबा दिल्यापासून पांच वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी. आणि क्षेत्रफळ भिंतींच्या आंतील प्रत्यक्ष चटईचें. जिना, सज्जा, व्हरांडा मिळवून फुगविलेल्या आंकड्यास खरेदीखतांत आतां स्थान नाहीं. उषवदाताच्या शेताची दिशा व आजच्या सदनिकेचें चटईक्षेत्र यांत कोणास साम्य दिसणार नाहीं. परंतु ‘मी नेमकें काय विकत घेतलें?’ या एकाच प्रश्नाचीं तीं दोन उत्तरें आहेत. बांधकामाची नोंद सरकारी संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. ती पाहण्याचा आळस करून जाहिरातींतील चित्रावर भाळणारास कोणता कायदा वांचवूं शकेल?

किंमतीसंबंधीं दोन शब्द बोलल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. घराची अर्धी किंमत कागदावर आणि अर्धी पिशवींतून, ही रीत आपल्या सुशिक्षित वर्गांतही दीर्घकाल प्रतिष्ठित होती, व ती समूळ गेली असें म्हणवत नाहीं. घर विक्रीपोटीं वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास २०१५ च्या दुरुस्तीनें मनाई झाली आहे. पण कायद्याची भीति बाजूस ठेवली तरी यांत साधें व्यवहारी नुकसान आहे. सौदा मोडला तर कागदावर नसलेला पैसा परत मागतां येत नाहीं. विकणाऱ्यानें लपविलेला नफा घेणाऱ्याच्या गळ्यांत पडतो, कारण पुढें तो घर विकील तेव्हां त्याची खरेदीची किंमत कमी दिसते. ज्या व्यवहाराचा आंकडा पर्वताच्या कड्यावर कोरतां येत नाहीं तो मनांतल्या मनांत तरी धड होईल काय? चार हजार कार्षापण अक्षरीं व अंकीं कोरविणारा उषवदात या बाबतींत आपल्यापेक्षां सुधारलेला होता.

शेवटीं विकणाऱ्याविषयीं. सावधगिरीचा उपदेश सर्व घेणाऱ्यालाच करावा आणि विकणाऱ्यानें गप्प बसून दाम मोजावे, असा आपल्या कायद्याचा आशय नाहीं. साधारण काळजीनें घेणाऱ्यास कळणार नाहीं असा जो दोष मिळकतींत किंवा मालकींत असेल, आणि तो विकणाऱ्यास ठाऊक असेल, तर तो त्यानें आपण होऊन सांगितला पाहिजे, असें १८८२ च्या कायद्याचें म्हणणें आहे. छपरांतून कोठें गळतें, संस्थेची बाकी किती आहे, धाकट्या भावानें कोणती नोटीस पाठविली आहे, हें आधींच सांगितलें तर किंमत थोडी कमी येईल. पण आलेली किंमत आपली होईल. विकणाऱ्यानें आपले कागद घर विक्रीस काढण्यापूर्वीं लावून ठेवावे, वारसांच्या नोंदी करून घ्याव्या, बोजा फेडून त्याची नोंद कमी करून घ्यावी. ज्याचे कागद नीट लावलेले आहेत त्याला दलालाच्या मिनत्या कराव्या लागत नाहींत. आणि सर्व पैसे पोंचल्याखेरीज ताबा देऊं नये. नातें जितकें जवळचें तितका हा नियम अधिक कडक पाळावा. कारण परक्यावर दावा लावतां येतो, जवळच्यावर लावतां येत नाहीं आणि विसरतांही येत नाहीं.

दोन हजार वर्षांत निगमसभा गेली, गोतसभा गेली, कोतवालाची चावडी गेली. त्यांच्या जागीं निबंधकाची कचेरी आणि संगणकाचा पडदा आला. नोंद पूर्वींपेक्षां अधिक चांगली राहते व घरबसल्या पाहतां येते. परंतु पूर्वीं ती ऐकावयास सारा गांव जमत असे, आणि आज ती उघडी असून वाचणारा कोणी नसतो. ती वाचावयाची कोणीं, एवढाच प्रश्न उरला आहे. इसाराचे पैसे मोजण्यापूर्वीं एक सबंध आठवडा त्या वाचनास द्यावा, आणि घरांतील सर्वांनीं, विशेषतः गृहिणीनें, तें खत पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत ऐकावें. गोताची रिकामी झालेली बैठक आतां कुटुंबानेंच भरून काढली पाहिजे.